युरियाची दुसरी गोणी

मा. संपादक,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भात कापून झाल्यावर पाटाच्या पाण्यावर मी मका करतो. तुकडा दोन हजार चौरस मीटरांचा. कित्येक वर्षे त्यात युरियाच्या दोन गोण्या जात होत्या. कारण ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तेवढ्यात आज गड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही भागत नाही, मग हात आखडता कोण घेईल?

गेल्या हंगामात मात्र हिशेब कागदावर मांडला. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे गोणीमागे सुमारे २१ किलो. मक्याला साधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची. माझ्या तुकड्याला २४ किलो पुरे होते. मी ४१ देत होतो, शेणखत वेगळेच. म्हणून शेणखतातले नत्र धरून एकच गोणी तीन हप्त्यांत दिली: पेरताना, मका गुडघ्याएवढा झाल्यावर आणि तुरा येण्याआधी. दरवेळी मातीआड करून हलके पाणी दिले. कणसे पूर्वीइतकीच भरली, आणि वाऱ्याने आडवी पडलेली ताटे कमी निघाली.

पूर्वी खत वरच फेकायचो. शेतात नाकाला झोंबणारा वास यायचा, तो अमोनिया. उरलेले नत्र जादा पाण्याबरोबर आमच्या तांबड्या मातीतून मुळांखाली जाते, आणि तिथेच उताराला आमच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. याची मला आज फार रुखरुख वाटते.

दुसरी गोणी स्वस्त होती ती केंद्राच्या अनुदानामुळे. तिचा खरा खर्च कितीतरी पट आहे आणि तो करातून आपणच भरतो. स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या डीएपी खताची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची, म्हणून ते आम्ही मोजून घालतो आणि युरिया ओंजळीने. पिकाला स्फुरद कमी पडते ते इथेच.

खत घेताना दुकानात अंगठा लावून पावती मिळते. कृषी खात्याला कळकळीची विनंती, त्या पावतीवर मात्रा छापा, तीही चौरस मीटरला. आम्ही जमीन चौरस मीटरांतच मोजतो; हेक्टरचे आकडे दुकानात कोण सोडवत बसणार? मक्यासाठी चौरस मीटरला २६ ग्रॅम युरिया, तीन हप्त्यांत, माती तपासून त्यात कमी-जास्त, एवढी एक ओळ पुरे. यंदा पाटाला पाणी सुटण्याआधी ती छापून यावी.

आपला,
एक मका उत्पादक, वाळपई