धुळ्याच्या नानांना जाहीर धन्यवाद

आदरणीय नाना,
सा. न.

४०२ मीटरच्या ड्रॅग रेससाठी, म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ रस्त्यावर सुसाट पळायच्या शर्यतीसाठी, माझी एस्टीम बांधतोय म्हटल्यावर इथे अनेकांनी मला वेड्यात काढलं. मुंबई-आग्रा हायवेवरच्या तुमच्या गॅरेजात मात्र पहिला प्रश्न आला, "गाडीनं वजन कितलं शे?" आणि लगेच दुसरा, इंजिन जोर धरतं कुठे? गिअरबॉक्स निवडायचा तो या दोन प्रश्नांवरून, हे मला तिथे कळलं.

मित्रांचा आग्रह होता पॉवरग्लाइडचा. शेवरोलेचा १९५० सालचा हा दोन गिअरचा ऑटोमॅटिक अमेरिकेतले ड्रॅगवाले अजून वापरतात. गिअर एकदाच बदलायचा, त्यात ताकदही कमी खर्ची पडते. पण त्याच्या जोडीला तगडं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन हवं. आपल्या एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनाला कमी आरपीएमला ओढ नाही, ते दोन गिअरमध्ये गुदमरेल.

मग तुम्ही खडूने फरशीवर आकडे मांडलेत. माझा पहिला गिअर ३.४२ (म्हणजे इंजिनाचे ३.४२ फेरे, तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा), दुसरा १.८९. सात हजार आरपीएमवर बदलला की आकडा थेट ३,९०० च्या खाली, आणि इंजिनाचा जीव तर पाच हजारांच्या वर! दुसरा २.५ च्या आसपास आणला, तरच सुई जोरात राहते. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याहून मोलाचं होतं ते फळीवरून काढून माझ्या तळहातावर ठेवलेलं ट्रकचं जुनं डॉग, म्हणजे गिअरला शाफ्टशी अडकवणारं दातेरी कडं. जाड दाते, पण कडा झिजून गोल झालेल्या. जुन्या ट्रकांना सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दोन्हींचा वेग जुळवून देणाऱ्या रिंगा, नसायचे, रेसिंगच्या डॉग-बॉक्सलाही नसतात. गिअर भीत भीत टाकला की कडा अशाच गोल होतात आणि मग भर वेगात गिअर सुटतो. "टाकायचा तर सपकन," म्हणालात. तिरके दाते शाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेने रेटतात, सरळ दाते ओरडतात पण तसं रेटत नाहीत, हेही त्याच ओघात आलं.

बाहेर मालाने भरलेले ट्रक खोळंबले होते, ड्रायव्हर हाका मारत होते. तरी अख्खी दुपार तुम्ही एका अनोळखी पोराला दिलीत. नाना, मनापासून आभार. हायवेवरच्या मिस्त्रीला रेसिंगमधलं काय कळतं, असं म्हणणाऱ्याला मी तुमच्याकडे पाठवणार आहे.

सरळ दात्यांचे गिअर मागवलेत. आले की गिअरबॉक्सचा डबा घेऊन येतो. फट जुळवायच्या पातळ चकत्या, शिम, तुम्हीच लावायच्या.

आपला,
अमळनेरचा एस्टीमवाला