आई-बाबांस, ट्रंकेतल्या त्या कागदाविषयी

वेर्णा, रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, जेवण झालंय, आणि हो, उकड्या तांदळाचंच. फोन करणार होते. पण फोनवर आपण कोकणीत बोलतो, आणि कोकणीत मला तुमच्याशी गंभीर काही बोलताच येत नाही. दोन वाक्यांत आई 'जेवलें मगे?' वर येते आणि विषय तिथेच संपतो. जिवाला लागलेलं काही असलं की आपल्या घरात ते मराठीत, कागदावर लिहायची रीत आहे. आजोबांची आत्याला लिहिलेली पत्रं आठवा.

आधी सांगून टाकते, मग कारणं देत बसते. मी नोकरीचा राजीनामा दिलाय. ३० जून शेवटचा दिवस. जुलैअखेर नोएडाला जाणार, दोन वर्षांच्या एमएला. विषय आहे जुन्या वस्तूंचं आणि कागदपत्रांचं संवर्धन. पहिली फी भरून झाली. म्हणजे हे पत्र विचारायला लिहिलेलं नाही, सांगायला लिहिलंय, आणि तेच मला आठवडाभर टोचतंय.

त्याहून टोचतंय ते वेगळंच. तुमच्या आधी हे दहा-बारा परक्या माणसांना ठाऊक होतं.

आई, रविवारी संध्याकाळी मी कंपनीची मीटिंग करते असं तुला वाटतं. शेजारच्या काकीला तू सांगत होतीस, 'रविवारीसुद्धा सोडत नाहीत पोरीला.' मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि गप्प राहिले. ती मीटिंग कंपनीची कधीच नव्हती. गेली तीन वर्षं दर रविवारी सहा ते आठ आम्ही ऑनलाइन बसून मोडी वाचतो. कुणीतरी घरातल्या जुन्या कागदाचा फोटो टाकतो आणि सगळे मिळून एकेक ओळ लावत जातो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो, मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबवत जातो. ऱ्हस्व-दीर्घ एकच. दोन शब्दांमध्ये जागा नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि एकेका ओळीवर आम्ही पाऊण पाऊण तास भांडलोय. मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. बडोद्याचे एक वकील आहेत. तंजावरकडचा एक मुलगा आहे, तो घरी मराठी बोलतो, पण त्याची मराठी मला निम्मीच कळते आणि माझी त्याला. तुझा आवाज त्यांना सगळ्यांना ओळखीचा आहे, कारण एकदा तू मागून 'गो, दूध उतू गेलं' म्हणून ओरडलीस. अजून विचारतात, दूध कसं आहे.

गेल्या जुलैत एका रविवारी कागद लवकर वाचून संपला. बाहेर पाऊस असा की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मिरजेच्या बाईंनी सहज विचारलं, या वाचनाचं पुढे काय करायचंय तुम्हाला? वकील म्हणाले, एकसष्टाव्या वर्षी पीएचडीला नाव घालतोय, बायकोला अजून सांगितलं नाही. सगळे हसले. तंजावरच्या मुलाला भाषाशास्त्र शिकायचंय, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आयुष्यभर पुरतील म्हणतो, पण घरचे बँकेच्या परीक्षेला बसवतायत. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मला कागद नुसता वाचायचा नाही, वाचवायचाय. (बाबा, हसा. ऐनवेळी असला शब्दखेळ सुचतो तो तुमच्याच वळणावर.) मग थांबताच येईना. शाई, बुरशी, आपली ट्रंक, पेडण्यातल्या घराघरांत कुजत पडलेली दप्तरं, सगळं वीस मिनिटं बोलत सुटले. हे मी कधी तुमच्यापाशी बोलले नव्हते. बहुधा त्यांना माझ्या लग्नाची काळजी नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे बोलणं सोपं गेलं.

आणि फेब्रुवारीतला तो रविवार. बाबांना देवळाच्या पायरीवर चक्कर आली, माझा फोन बॅगेत आवाज बंद करून ठेवलेला. सात मिस्ड कॉल. त्या वेळी मी कुणा दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा म्हशीवरून झालेला तंटा वाचत होते. तुम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून फोन मांडीवर असतो, आवाज चालू ठेवून.

आता कारणं. आई, तू बाळगुटीत उगाळायचीस ते मायफळ आठवतं? तेच मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिळून पोर्तुगीजांची काळी शाई व्हायची. दिसायला सुरेख, पण तिच्यात आम्ल आणि लोह असतं, ते वर्षानुवर्षं कागद आतून खातं. शेवटी अक्षराच्या रेषेवरच कागद चिरतो आणि अक्षर गळून पडतं, पानाची जाळी उरते. मोडी लिहिणाऱ्यांची शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, ते कागदाला काही करत नाही, पण पाणी लागलं की शाई पसरते. म्हणजे आपल्या गोव्यात एकाच कपाटात दोन तऱ्हेचे आजारी, एकाला पाणी चालत नाही आणि दुसऱ्याचं आम्ल काढायला पाणीच लागतं. माझ्यासारख्या प्रयोगशाळेत साडेसहा वर्षं घालवलेल्या मुलीला याहून चांगलं कोडं कोण देणार? गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे ते मी रोज चाळीस वेळा मोजते. ते काम वाईट नाही. पण मी गेल्यावर दुसरी कुणी बसेल आणि तेवढंच मोजेल.

गंमत सांगते. फाटलेला कागद जोडायला गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. सावंतवाडीची मावशी कुरडयांसाठी काढते ना तो चीक, जवळजवळ तोच. त्यावर जपानी कागदाची पट्टी, इतकी पातळ की फुंकर मारली तर उडेल. दोन वर्षं परराज्यात जाऊन मी मावशीचं काम शिकणार, असं तिला सांग. तिला बरं वाटेल.

बाबा, तुम्हाला वाटेल रसायनशास्त्र वाया घालवलं. आठवीच्या वर्गात पुढच्या बाकावर बसून मी तुमच्याकडूनच ऐकलंय, कोसबेंला जन्मलेले दामोदर कोसंबी गणिताचे, आणि आहत, म्हणजे ठसे मारलेली जुनी, नाणी तराजूत तोलून त्यांनी इतिहास लिहिला. पिसुर्ल्याचे इतिहासकार पिसुर्लेकर, सत्तरीतल्या खेड्यातून येऊन गोव्याच्या १५९५ पासूनच्या त्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले, हेही तुम्हीच दर वर्षी सांगायचात, पोरं जांभया देत असायची तरी. मी जांभई दिली नव्हती. आता तुमच्यावरच उलटवते म्हणून रागावू नका.

पैशांचं. साठवलेले ४,८०,००० आहेत, पीएफ वेगळा. तुमच्या पेन्शनला हात लागणार नाही, आईच्या पाटल्यांना तर नाहीच. त्या म्हापशाच्या स्थळाला मी नाही म्हटलं नव्हतं, दोन वर्षं थांबाल का एवढंच विचारलं होतं. त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं. बरं, राहून गेलं नाही, मी टाळलं.

आता त्या कागदाचं. बाबा, बसून वाचा.

चतुर्थीला पाहुणे आले की तुम्ही ट्रंकेतून काढून दाखवता ती सावंतवाडीकरांची सनद. तिचा फोटो मी गटात टाकला होता. (न विचारता. तेही माफ करा.) सालाची ओळ पहिल्यांदा लागली, 'इसन्ने समानीन मया व अलफ'. इसन्ने म्हणजे दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११८२. हा सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, त्यात ५९९ मिळवले की १७८१, आणि हे साल मृगाला सुरू होतं म्हणून १७८१-८२. आपलं पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं १७८८ मध्ये. म्हणजे कागद सावंतवाडीकरांच्या अमलातलाच आहे, तुमचं म्हणणं तिथवर अगदी बरोबर.

पुढच्या ओळी लागायला तीन रविवार गेले. बाबा, ती सनद नाही. कर्जखत आहे. आपल्या कुणा पूर्वजाने लेकीच्या लग्नासाठी ३५ रुपये घेतले आणि बारा माड गहाण टाकले. खाली जी राजमुद्रा म्हणून आपण दाखवतो, तो नांगर आहे. सही येत नसलेला शेतकरी माणूस 'निशाणी नांगर' करायचा. मिरजेच्या बाई ते शब्द हळू बोलल्या, त्यांना वाटलं मला वाईट वाटेल. मला त्या नांगराकडे बघतच राहावंसं वाटलं. बोरूने काढलेला, दांडा थोडा वाकडा, फाळ मात्र झोकात. कुणातरी कारकुनासमोर उकिडवा बसून त्याने तो काढला असणार. तुमची सहीसुद्धा शेवटी अशीच खाली वळते, बघा.

आजोबांनी लखोट्यावर 'सनद' लिहून ठेवलं होतं, तुम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलात. त्यात तुमचं काय चुकलं? या चतुर्थीला पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी तिथे नसेन, त्यामुळे तोंड वाकडं करायलाही नसेन.

नसेन हे लिहिताना हात थांबला. लहानपणी पावसाच्या रात्री तुमच्या दोघांच्या मध्ये झोपायचे आणि कौलांतून गळायला लागलं की बाबा उठून पितळी तपेली लावायचे. टप, टप. तो आवाज आला की मला झोप लागायची. नोएडाला पाऊस थोडा आणि छपराला स्लॅब. तिथे झोप कशी लागेल बघू.

उगाच काळजी करू नका. वसतिगृहात खोली मिळालीय, दोघींत एक, दुसरी मुलगी आसामची, भात खाणारी. पाच किलो उकडे तांदूळ आणि सोलं घेऊन जाते. नुस्तें, मासळी, मिळेल तेव्हा मिळेल. मोपा विमानतळ आपल्या घरापासून वीस मिनिटांवर, तिथून दिल्लीला थेट विमान आहे. वेर्ण्याहून दोन बसेस बदलून घरी यायला मला जवळजवळ त्या विमानाइतकाच वेळ लागतो. दिवाळीला येतेच. दादाशी बोलणं झालंय, तो पुण्याहून रोज आठला फोन करेल. करत नसेल तर मला सांगा, मी बघते त्याच्याकडे.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी चहाबरोबर, पेपर वाचून झाल्यावर नव्हे. डब्यात वारांची नावं घालून ठेवलीत ती शोभेला नाहीत. देवळात जायचं तर काठी घेऊन, आणि पायरीवर बसून गप्पा मारायच्या त्या मारा, पण उठताना एकदम उठू नका. आई, गुडघा दुखत असताना मानकुराद आंब्याला काठी घालायला शिडीवर चढायचं नाही. चढलीस तर मला कळतं, काकी सांगते. पुरुमेंताचं, पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं मी या शनिवारी म्हापशाहून आणते, मिरच्या, सुकं, चिंच, यादी करून ठेव. तुम्ही दोघं उन्हात बाजारात जायचं नाही म्हणजे नाही.

ट्रंकेविषयी तर हुकूमच समजा. मे महिन्यात मिरच्या, सोलं आणि जुने कागद एकाच साडीवर वाळत घालायचे बंद. ऊन कागदाला मानवत नाही, मारतं. प्लास्टिकची पिशवी काढून टाका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळा, वेखंडाची पुरचुंडी बाजूला, कागदाला टेकवू नका. सेलोटेप कपाटातून बाहेरच काढू नका. दुसरा एक कागद तुम्ही हौसेने लॅमिनेट करून आणलात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. तेव्हा मीच स्कूटरवर मागे बसले होते आणि किती छान चकचकीत झाला म्हणाले होते.

शनिवारी शेवटच्या बसने येते. रागावायचं असेल तर जेवणानंतर रागवा.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. कागदाच्या पाठीवर, घडीच्या आत, बारीक अक्षरांची एक ओळ आहे, ती गेल्याच रविवारी लागली. 'भरून पावलो.' कर्ज फिटलं की सावकार खत परत करायचा, म्हणूनच तो कागद आपल्या ट्रंकेत आहे, त्याच्या नाही. बारा माड सुटले होते. विहिरीकडचे जुने माड किती होते, आजोबा काही सांगायचे का? आठवून ठेवा.