मिटलेला डोळा

दादर, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

आधी माफी मागतो, बाकीचं मग. शिवाजी मंदिरला प्रयोग असला की अंक संपता संपता तू विंगेत एक डोळा मिटून उभा राहायचास आणि आम्ही तुला ‘काणा’ म्हणून छळायचो. वीस वर्षांनी कळतंय, आमच्या टोळक्यात तूच एकटा शहाणा होतास.

झालं काय, गेल्या पंधरवड्यात पार्ल्याच्या प्रयोगात ब्लॅकआउट पडला. मला खुर्ची उचलून तिथे तिपाई ठेवायची होती, रोजचंच काम. पण डोळ्यांपुढे काळंकुट्ट. नडगी खुर्चीवर आपटली, तिपाई हातातून सुटली, प्रेक्षकांत खसखस पिकली. मला वाटलं, रातांधळेपणा आला, आता घरी बसा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आतला पडदा तपासला. ठणठणीत. मग म्हणाल्या, “अंधार व्हायच्या आधी काय करत होतात?” काय करणार! विंगेत उभा राहून व्हॉट्सॲप बघत होतो.

त्यांनी समजावलं ते सांगतो. पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी साधारण 60 लाख, त्या भरपूर उजेडात रंग दाखवतात. दंडपेशी 12 कोटींच्या आसपास, त्यांचं राज्य अंधुक उजेडात. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळट द्रव्य असतं आणि त्यात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू अडकवलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो. बघणं सुरू होतं ते इथून. पण सरळ झालेला रेणू परत वाकवून जागेवर बसवायचा तर वेळ लागतो. लख्ख उजेडातून आलास तर अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं. माझ्या मोबाईलने सगळा साठा संपवला नसेल, पण आपला ब्लॅकआउट असतो दहा सेकंदांचा! आणि हे खातं प्रत्येक डोळ्याचं वेगळं. तू एक डोळा मिटून त्याची शिल्लक राखून ठेवायचास. तुला कुणी शिकवलं होतं रे?

पुढचं ऐकून मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. जन्मभर डिमरवर बोटं ठेवलेल्या माणसाला वाटणार, उजेड पडला की पेशी पेटत असेल. उलटंच आहे! अंधारात दंडपेशीत विद्युतप्रवाह चालू असतो आणि ती शेजारच्या पेशीकडे एक रसायन सतत सोडत राहते. उजेड पडला की तिची दारं मिटतात, प्रवाह घटतो, रसायन कमी होतं. ती गप्प झाली, यावरून पुढे खबर जाते. मे महिन्यात रात्री पंखा बंद पडला की आपण जागे होतो ना, तसं.

या पेशी किती हलक्या कानाच्या आहेत, ते 1942 साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मोजलं. माणसाला आधी अर्धा तास अंधारात बसवायचं आणि मग क्षणभर हिरवट लुकलुक दाखवायची. दंडपेशींनी 5 ते 14 कण टिपले, तरी माणूस म्हणतो, दिसलं. गंमत म्हणजे ती लुकलुक नाकासमोर नाही, 20 अंश बाजूला दाखवत. कारण पडद्याच्या ऐन मध्यावर दंडपेशीच नाहीत. स्टेजवरच्या रेडियमच्या पट्टीकडे टक लावलं की ती पुसट होते आणि जरा बाजूला बघितलं की उमटते, ते यामुळे. मी इतकी वर्षं पट्टीला दोष देत होतो.

काल परत तोच प्रयोग होता. मोबाईल बंद करून खिशात टाकला. टॉर्चला लाल जिलेटिन लावलं, कारण लाल उजेड दंडपेशींना फारसा जाणवत नाही. आणि डावा डोळा घट्ट मिटून उभा राहिलो. शेजारी नवीन पोरगा होता. बराच वेळ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काका, डोळ्यात कचरा गेलाय का?”

तुझा,
सुऱ्या