मागचे चार यूएसबी पोर्ट बंद. तक्रार मात्र ‘विंडोजचा दोष’ म्हणून निकाली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या डेस्कटॉपची तक्रार दुरुस्ती न करताच बंद केल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा डेस्कटॉप मी टायपिंगसाठी आणि पुस्तकांची पाने लावण्यासाठी वापरते. त्याच्या मागच्या बाजूचे चार यूएसबी पोर्ट बंद पडले आहेत. मशीन वॉरंटीत आहे, कॅबिनेटचे सील शाबूत आहे. हेल्पलाइनकडे मी रीतसर तक्रार नोंदवली होती. ‘विंडोजचा दोष, ग्राहकाने फॉरमॅट करावे’ असा शेरा मारून ती परस्पर बंद करण्यात आली. हा शेरा मला मान्य नाही. बिघाड मदरबोर्डवर आहे, आणि हे मी तपासून म्हणते आहे.

मागे एकूण सहा पोर्ट आहेत. नेटवर्कच्या खाचेखालचे दोन चालू आहेत, पुढचे दोनही चालू आहेत. उरलेले चार जोडीजोडीने एकमेकांवर बसवलेले आहेत, आणि या दोन जोड्या वेगवेगळ्या तऱ्हेने बंद आहेत. वरच्या जोडीत वीजच येत नाही. माऊस लावला तर त्याच्या पोटातला लाल दिवा लागत नाही. यूएसबीचा व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर पुढच्या पोर्टमध्ये ५.१ दाखवतो; वरच्या जोडीत त्याचा पडदा काळाच राहतो. खालच्या जोडीत वीज आहे, माऊसचा दिवा लागतो, पण बाण जागचा हलत नाही. विंडोज म्हणते, ‘हे उपकरण ओळखता येत नाही’, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड ४३ (उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवल्याची खूण) दिसतो. तोच माऊस, तीच केबल पुढच्या पोर्टला लावली की क्षणात चालते. बॅटरीच्या उजेडात पोर्टच्या आत पाहिले, तर पट्ट्या सरळ आहेत, मधली प्लास्टिकची जीभ तुटलेली नाही, गंज नाही की धूळ नाही. मशीन पडलेले नाही, त्यावर काही सांडलेले नाही. उद्या ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा येऊ नये म्हणून चारही पोर्टचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

हेल्पलाइनने सांगितलेले सगळे मी केले. पॉवर ऑप्शन्समधले सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारी सोय, बंद केले. प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढली. चिपसेटचे ड्रायव्हर तुमच्याच संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा टाकले. मशीनची वायर भिंतीतून काढून पॉवरचे बटण बराच वेळ दाबून धरले, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळ स्थितीवर आणल्या. फरक शून्य.

यातल्या एका पायरीबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. तुमच्या प्रतिनिधीने यूएसबीचे सगळे होस्ट कंट्रोलर, म्हणजे पोर्ट चालवणारे भाग, डिव्हाइस मॅनेजरमधून ओळीने अनइन्स्टॉल करायला सांगितले. उपाय चुकीचा नाही. मशीन पुन्हा चालू झाले की विंडोज ते ड्रायव्हर आपोआप चढवते. पण ज्या डेस्कटॉपला कीबोर्ड आणि माऊस दोन्ही यूएसबीवरच आहेत, तिथे चालू पोर्टचा कंट्रोलर काढताक्षणी दोन्ही मरतात आणि पडद्यावर काहीच करता येत नाही. ‘आधी सगळे काम सेव्ह करा, दोन्ही बंद पडतील, मग पॉवर बटण एकदाच दाबून मशीन नीट बंद होऊ द्या’, एवढे वाक्य आधी सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही. घाबरून एखादा ग्राहक सरळ वायर उपटेल आणि चालू फाइल गमावेल.

आता मुख्य मुद्दा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जायला कीबोर्ड लागतो, आणि त्या क्षणी विंडोज अजून हार्ड डिस्कवरून उचललेलेही नसते. मी कीबोर्ड मागच्या बंद पोर्टला लावून मशीन चालू केले आणि डिलीट दाबत राहिले. काही झाले नाही, मशीन सरळ विंडोजमध्ये गेले. वरच्या जोडीत तर नम लॉकचा दिवाही लागला नाही. कीबोर्ड पुढच्या पोर्टला लावून तेच केले, बायोस लगेच उघडले. फास्ट बूटमुळे सुरुवातीला यूएसबीकडे दुर्लक्ष होऊ शकते, म्हणून तेही बंद करून पाहिले. बायोसमध्ये मागचे पोर्ट ‘एनेबल्ड’ आहेत, विंडोजच्या आधीही यूएसबी कीबोर्ड चालू देणारा लेगसी यूएसबी सपोर्टही चालू आहे. शेवटी पुढच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावून त्यावरून लिनक्स चालवले, हार्ड डिस्कला हात न लावता. तिथेही पुढच्या पोर्टवरची उपकरणे यादीत आली आणि मागच्या चार पोर्टना जे लावले त्यातले एकही आले नाही.

विंडोज चालू असो, बंद असो किंवा त्याच्या जागी दुसरीच प्रणाली असो, तेच चार पोर्ट बंद राहतात. मग दोष विंडोजचा कसा? आणि फॉरमॅट केल्याने मीटरवर पाच व्होल्ट कुठून येणार?

हा प्रश्न मी हेल्पलाइनला विचारला. त्यावर उत्तर मिळाले की, तुम्ही जास्त उपकरणे लावली, लोड आला. तेही पटण्यासारखे नाही. माझा प्रिंटर आणि स्कॅनर स्वतःच्या अडॅप्टरवर चालतात, पोर्टमधून फक्त डेटा जातो. उरले कीबोर्ड आणि माऊस. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेला असतो. या दोघांना त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. शिवाय लोड आला असे क्षणभर धरले तरी जबाबदारी बोर्डचीच राहते. जास्त प्रवाह गेला तर तो अडवणारे संरक्षण कॉम्प्युटरच्या बाजूला असलेच पाहिजे, आणि ग्राहकाने हाताने काही बदलल्याशिवाय ते पूर्ववत झाले पाहिजे, असे यूएसबी २.० च्या मानकातच लिहिलेले आहे. बोर्डवरचे पॉलिफ्यूज, म्हणजे जास्त प्रवाहाने तापून वीज अडवणारे फ्यूज, याचसाठी असतात. गार झाले की पुन्हा वीज सोडतात. माझ्या मशीनवर वायर रात्रभर काढून ठेवली तरी वरच्या जोडीत वीज परतलेली नाही. नेमका कोणता भाग गेला हे बोर्ड उघडल्यावर तुमचे टेक्निशियन सांगतील. सील तुमचे आहे, म्हणून मी कॅबिनेट उघडलेले नाही.

तोवर ‘पुढच्या पोर्टला हब लावा, नाहीतर पीसीआय एक्सप्रेसचे यूएसबी कार्ड विकत घ्या’ असा सल्ला देण्यात आला. वॉरंटीतल्या मशीनचा बिघाड ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने झाकायचा, हे मला मंजूर नाही. हब मी लावून पाहिला. एका पोर्टची वीज आणि वेग सगळ्यांत वाटला जातो, आणि बाहेरची हार्ड डिस्क बॅकअपच्या मध्येच सुटते. ज्या फाइलींसाठी बॅकअप घ्यायचा त्या लोकांनी विश्वासाने दिलेल्या आहेत : कुणाचा प्रबंध, कुणाच्या आईच्या कविता, छापायला जायच्या बेतात असलेली पुस्तके. प्रत्येक पुस्तकाचे फॉन्ट, समास, ओळींमधले अंतर हे सगळे या मशीनवर बसवलेले आहे. ज्या बिघाडाशी हार्ड डिस्कचा संबंधच नाही त्यासाठी ती पुसायला सांगणे किती गंभीर आहे, याचा विचार तुमच्या विभागाने करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणून तक्रार पुन्हा उघडावी, आधीचा शेरा रद्द करून बिघाड मदरबोर्डचा असल्याची नोंद करावी, आणि टेक्निशियनने माझ्या जागेवर येऊन बोर्ड बदलावा. मशीन सेवा केंद्रात न्यावेच लागले तर हार्ड डिस्क काढून माझ्याकडे ठेवावी आणि तसे पावतीवर लिहून द्यावे. बोर्ड बदलला की सोबत आलेल्या विंडोजचे ॲक्टिव्हेशन जाऊ शकते. ते नवीन बोर्डवर करून देणे हा दुरुस्तीचाच भाग आहे, त्यासाठी मला वेगळी लायसन्स की घ्यायला सांगू नये. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, नवीन बोर्डवर ती रिकव्हरी की मागेल. ती माझ्याकडे आहे आणि मी समोर बसून स्वतः टाकेन. नवीन बोर्डचे सहाही मागचे पोर्ट बायोसमध्ये कीबोर्ड लावून आणि नंतर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावून माझ्यासमोर तपासावेत, मगच मी सही करेन.

आणखी एक. तुमच्या हेल्पलाइनच्या प्रश्नावलीत ‘या पोर्टला लावलेला कीबोर्ड बायोसमध्ये चालतो का?’ हा प्रश्न पहिल्या काहींत घालावा. उत्तर यायला दोन मिनिटे लागतात आणि ड्रायव्हरचा बिघाड कोणता, बोर्डचा कोणता, याचा बराचसा उलगडा तिथेच होतो. मला तो एकदाही विचारला गेला नाही.

मीटरचे आणि बायोसच्या पडद्याचे फोटो, डिव्हाइस मॅनेजरची चित्रे, खरेदीची पावती आणि आधीच्या तक्रारीची पोच सोबत आहे. टेक्निशियन कधी येणार हे लेखी कळवावे. फोनवरचे आश्वासन यापूर्वी पाळले गेलेले नाही.

कळावे,

आपली,
एक ग्राहक