पॅनजँड्रमला हसता, मग मार्क १४ टॉर्पेडोचं काय?

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या विचित्र आणि फसलेल्या शस्त्रांवरचा लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. लेख वाचायला मजा येते यात वाद नाही, पण सगळी फसलेली शस्त्रं एकाच माळेचे मणी असल्यासारखं लिहिलंय आणि शास्त्रज्ञांना वेड्यात काढलंय, ते काही पटलं नाही. मी नोकरीभर दारूगोळ्याच्या तपासणीतच होतो त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आता ते ब्रिटिशांचं पॅनजँड्रम घ्या. दहा फूट उंचीची दोन लाकडी चाकं, मधल्या ड्रममध्ये टनाहून जास्त स्फोटकं, आणि चाकांच्या कडेला कॉर्डाइटची (एक प्रकारची दारू) रॉकेटं बांधलेली, ती पेटली की चाकं गरगर फिरणार आणि हे सगळं प्रकरण किनाऱ्यावरून धावत जाऊन जर्मनांच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळणार, अशी आयडिया. कारण फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ती भिंत दहा फूट उंच आणि सात फूट जाड असेल असा हिशोब होता आणि ती फोडायला माणसं पाठवली तर मशिनगनच्या माऱ्यात एकही परत येणार नाही. म्हणजे अडचण खरी होती, वेडेपणा नव्हता. सप्टेंबर १९४३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन भागात वेस्टवर्ड हो नावाच्या बीचवर ट्रायल झाली, स्फोटकांच्या जागी वाळू भरून. काही रॉकेटं निखळली आणि गाडं भरकटलं. मग रॉकेटं वाढवली, तिसरं चाक लावलं, दिशा धरायला तारेचे दोर बांधले, ते तुटले. जानेवारी १९४४ च्या शेवटच्या ट्रायलला मोठे अधिकारी बघायला उभे होते आणि गाडं भलतीकडेच वळलं, फोटोग्राफरच्या अंगावर येत होतं, रॉकेटं सुटून इकडेतिकडे उडाली, लोकांनी पळून जीव वाचवला. तिथेच प्रोजेक्ट बंद.

तुमच्या लेखात ही गोष्ट फजितीची म्हणून सांगितलीय. माझ्या मते ही उत्तम चाललेल्या खात्याची गोष्ट आहे, कारण वस्तू बनवली, खरोखर चालवून बघितली, बिघडली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बिघडली, आणि बंद केली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एकाही सैनिकाला ती ढकलायला लावली नाही. लाकडाचा भुसा मिसळलेल्या बर्फाचं विमानवाहू जहाज करायचं होतं त्याचंही तेच, कॅनडात पॅट्रिशिया लेकवर साठ फुटांचं मॉडेल बांधून बघितलं, बर्फ सतत थंड ठेवावा लागतो आणि खर्च अफाट होतो हे कळलं, सोडून दिलं.

ज्याची खरी लाज वाटायला पाहिजे ते शस्त्र तुमच्या लेखात नाहीच, कारण ते दिसायला अजिबात विचित्र नव्हतं. अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून पळत जाऊन जहाज फोडणारं अस्त्र. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या टॉर्पेडो कारखान्यात डिझाइन झालेला, एकेक नग दहा हजार डॉलरच्या आसपास. एवढी महाग वस्तू फोडून कोण बघणार, शिवाय मंदीचे दिवस, म्हणून टेस्टिंग व्हायचं ते स्फोटकाच्या जागी खोटं डोकं बसवून, त्यात पाणी भरून. त्यातला चुंबकीय फ्यूज, जो जहाजाच्या तळाखालून जाताना आपोआप स्फोट करणार होता, तो १९२६ मध्ये जिवंत स्फोटकासह फक्त दोनदा उडवून बघितला आणि त्यातलाही एकच फुटला! एवढ्यावर मंजूर. वर तो इतका गुप्त ठेवला की पाणबुडीवरच्या लोकांना त्याची नीट माहितीसुद्धा नव्हती.

डिसेंबर १९४१ ला अमेरिकेचं युद्ध सुरू झालं आणि पाणबुड्यांचे कॅप्टन लोक नेम धरून मारतायत, तर टॉर्पेडो जहाजाच्या खालून जातोय, आधीच फुटतोय, नाहीतर फुटतच नाहीये. सार्गो पाणबुडीने पहिल्याच मोहिमेत १३ टॉर्पेडो सोडले, निकाल शून्य. आणि ऑर्डनन्स ब्युरोचं, म्हणजे नौदलाच्या शस्त्रास्त्र खात्याचं, उत्तर काय, तर तुमचा नेम चुकतोय. माणूस समुद्रात जीव धोक्यात घालून मारतोय आणि ऑफिसात बसलेला म्हणतोय तुलाच जमत नाही, हे वाचून मला आजही राग येतो.

शेवटी जून १९४२ मध्ये तिथल्या अमेरिकन पाणबुड्यांचे प्रमुख ॲडमिरल लॉकवुड यांनी ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ मासेमारीची जाळी पाण्यात सोडली आणि टॉर्पेडो त्यातून मारून भोकं मोजली. ठरवलेल्या खोलीपेक्षा दहा-अकरा फूट खाली पळत होता. मासेमारीच्या जाळ्याने जे चटकन दाखवलं ते एवढी वर्षं त्या कारखान्यात कुणी बघितलं नव्हतं. खोली सुधारली तर चुंबकीय फ्यूजचा दोष उघडा पडला, तो वर्षभराने बंद केला, तर तिसरा दोष वर आला.

हा तिसरा दोष जरा सविस्तर सांगतो कारण तपासणीवाल्याची झोप उडावी असा आहे. २४ जुलै १९४३, पॅसिफिकमधल्या ट्रक नावाच्या बेटांजवळ टिनोसा पाणबुडीचे कॅप्टन डॅस्पिट यांच्यासमोर तोनान मारू नंबर ३ हे १९ हजार टनी जपानी जहाज. तिरक्या कोनातून मागच्या बाजूला मारलेले दोन फुटले, जहाज थांबलं. आता लक्ष्य एका जागी उभं, मग डॅस्पिट यांनी पाणबुडी बरोबर काटकोनात आणून एकेक करून नऊ मारले. नऊच्या नऊ लागले, एकही फुटला नाही. त्यांनी शेवटचा एक तपासणीसाठी राखून ठेवला आणि पर्ल हार्बरला परत आणला. मग हवाईतल्या कहूलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून बघितले, नंतर नव्वद फुटांवरून क्रेनने स्टीलच्या प्लेटवर टाकून बघितले, तेव्हा कारण कळलं. टॉर्पेडो अगदी सरळ बसला की धक्का इतका जबरदस्त की फायरिंग पिन (स्फोट सुरू करणारी खीळ) ज्या खुंट्यांवरून सरकते त्याच वाकायच्या आणि पिन अडकायची. तिरका बसला तर धक्का कमी, म्हणून फुटायचा. म्हणजे ज्याचा नेम सगळ्यात अचूक त्याचाच वार वाया! हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची पिन केल्यावर काम झालं. युद्ध सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. एक टॉर्पेडो आधीच कड्यावर मारून बघितला असता तर?

जर्मनांचीही १९४० मध्ये नॉर्वेत टॉर्पेडोमुळे अशीच गत झाली होती, पण त्यांनी निदान जबाबदार अधिकाऱ्यांचं कोर्टमार्शल केलं.

आमच्या खात्यात प्रत्येक लॉटमधले काही नग प्रूफला जायचे, म्हणजे रेंजवर नेऊन खरोखर उडवून बघायचे, आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच की चांगला माल फुकट का जाळता. ही मार्क १४ ची हकिकत मी नव्या पोरांना मुद्दाम सांगायचो. आपल्या इथे खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा या भागांत कितीतरी घरांतली माणसं हेच काम करतात, त्यांनी तुमची पुरवणी वाचली असेल. शस्त्र ट्रायलमध्ये फसलं म्हणजे हसायचा विषय असं त्यांच्या पोरांच्या मनात बसायला नको.

म्हणून विनंती, पुढच्या एखाद्या रविवारी मार्क १४ वर निम्मं पान द्या. आणि सोबत एक साधं चित्र काढून घ्या, सरळ बसलेला टॉर्पेडो आणि तिरका बसलेला, दोन्हीत पिनचं काय होतं ते दाखवणारं. शाळेतल्या मुलालाही कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे