‘ताकदी’च्या जाहिराती थांबवा, ती जागा डॉक्टरांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘मर्दानी कमजोरी’, ‘तारुण्यातील चुका’, ‘गॅरंटीने ताकद’ असल्या मथळ्यांच्या जाहिराती येतात, त्यांबद्दल हे पत्र आहे. शाहूपुरीत माझं औषधाचं दुकान आहे. त्या जाहिरातींमागे पैसे घालवून बसलेली माणसं शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून लिहिणं भाग पडलं.

दुकानात बाया असल्या की हे गिऱ्हाईक पायरीवरच घुटमळतं. आत आलं तर आधी डोकेदुखीची गोळी मागतं. सगळे गेले की आवाज खाली येतो, “मामा, तसली गोळी हाय काय?” परवा करवीर तालुक्यातले पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ असेच थांबले होते. खिशातून पैसे काढताना सॉर्बिट्रेटची अर्धी पट्टी काउंटरवर पडली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती गोळी. तिच्या जोडीला सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची ‘तसली’ गोळी, पोटात गेली असती तर रक्तदाब असा कोसळला असता की जिवावर बेतलं असतं. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असलेल्याने सिल्डेनाफिल घ्यायचीच नसते. तीन वर्षं हृदयाचे उपचार घेत असूनही त्यांना हे माहीत नव्हतं, कारण डॉक्टरांपुढे त्यांनी हा विषय कधी काढलाच नव्हता. “डॉक्टरला असलं कसं सांगायचं ओ?” एवढंच म्हणाले. मी गोळी दिली नाही. चिठ्ठीशिवाय ती देताही येत नाही.

सांगायलाच हवं होतं, कारण त्यांचं छातीचं दुखणं आणि हे दुखणं बहुधा एकाच मुळाचं आहे. लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. ठिबकची बारीक नळी आधी तुंबते, मोठा पाइप मागाहून, तसंच इथं होतं. म्हणून चाळिशीतल्या माणसाला ही तक्रार सुरू झाली तर काही वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असू शकते. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात. मधुमेही पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास होतो. कित्येकांची साखर तर याच तक्रारीमुळे पहिल्यांदा तपासली जाते. उच्च रक्तदाब, सुटलेलं पोट, रोजची दारू ही कारणं आहेतच. आणि तंबाखू! २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण मावा आणि तंबाखू-चुना सुटलेला नाही. गालात तंबाखू धरून ताकदीचं औषध मागणारा माणूस बघितला की जीव तुटतो.

रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनीही असं होतं. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर बदलून देतात. नुकतं लग्न झालेल्या पोरांची गोष्ट वेगळी. पहाटे ताठरता येत असेल तर शरीर बहुतेक ठीक असतं, धास्तीने घोळ केलेला असतो. त्यांना चांगल्या समुपदेशकाची गरज असते आणि जाहिरात त्यांना सांगते की हस्तमैथुनाने तुमचं वाटोळं झालं. हे साफ खोटं आहे. त्यापायी आत्मविश्वास गमावलेली विशी-पंचविशीतली मुलं मी पाहतो. घरात बायकोला वाटतं, याचं मन दुसरीकडे आहे. तिच्याशी बोलायचं ते जाहिरातवाल्याशी बोलतात.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. सिल्डेनाफिल मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी तपासली जात होती, १९९८ मध्ये ती या आजारासाठी मंजूर झाली. तिने इच्छा निर्माण होत नाही. इच्छा असेल तर रक्त भरायला मदत होते. साधारण तासभर आधी घ्यायची. मटणाचं भरपेट ताट झाल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. टाडालाफिल या त्याच प्रकारच्या दुसऱ्या गोळीचा असर दीड दिवसापर्यंत टिकतो. गोळ्यांचा उपयोग झाला नाही तर निर्वात पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मात्र सकाळच्या रक्ततपासणीत कमी निघालं तरच द्यायचं, ‘टॉनिक’ म्हणून नव्हे. सुरुवात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासण्यापासून; कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढूनही ती करता येते.

जाहिरातींतल्या चूर्णांना ‘साइड इफेक्ट नाही’ असं बिनदिक्कत छापलेलं असतं. ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या मालात हीच सिल्डेनाफिल लपवून घातलेली तपासणीत अनेकदा सापडली आहे. त्या करवीरच्या गृहस्थांनी माझ्याकडून परत जाऊन तसली पुडी घेतली असेल तर, या विचाराने मला अजून स्वस्थता नाही. माझी तक्रार आयुर्वेदाच्या वैद्यांबद्दल नाही, नाव-पत्ता न देता फक्त मोबाइल नंबर छापणाऱ्यांबद्दल आहे.

संपादक महोदय, औषधे आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या परिशिष्टात नपुंसकत्व आणि मधुमेह दोन्ही नावानिशी आहेत. जाहिरात देणाराच नव्हे, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या जाहिरात विभागाने हे एकदा वाचावं. या जाहिराती उद्यापासून घेऊ नयेत, आणि त्याच जागेत आठवड्यातून एकदा इथल्या मूत्ररोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञांकडून निनावी प्रश्नांची उत्तरं छापावीत. प्रश्न माझ्याकडे रोज येतात. गिऱ्हाईकांची परवानगी घेऊन, नावं गाळून, पहिल्या महिन्याचे प्रश्न मी स्वतः लिहून आणून देतो.

माझं नाव छापू नये ही विनंती. दुकान ओळखलं गेलं की तिथं थांबणारी माणसंही ओळखली जातील.

— एक औषध विक्रेता, शाहूपुरी, कोल्हापूर