रामशेजच्या कड्यावरून

नाशिक, रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आज पोराला घेऊन रामशेज किल्ल्यावर जाऊन आलो. पेठ रस्त्याने जाताना आपण कितीदा लांबूनच पाहिला आणि पुढे गेलो. आशेवाडीतून सुटलो, रामाच्या गुहेतल्या टाक्याचं गार पाणी प्यायलो आणि तासाभरात माथ्यावर. दम लागावा असा डोंगरच नाही तो.

म्हणूनच वर उभं राहिल्यावर पोटात कालवलं रे. साल्हेर किल्ल्यावर उंचीच राखण करते. इथे तसं काही नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाने आपल्या सरदाराला, शहाबुद्दीन खानाला पाठवलं तेव्हा हे ठाणं चुटकीसरशी पडेल असंच सगळ्यांना वाटलं असणार. वर माणसं किती, तर जेमतेम सहाशे म्हणतात. खाली मोर्चे, सुरुंग, तोफा, आणि गडाच्या आत मारा करता यावा म्हणून उभा केलेला लाकडी दमदमा. गडावर लोखंडी तोफ नव्हती. त्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, वरून कातडं मढवलं आणि त्यातून बार काढले. दहा तोफांचं काम त्या लाकडांनी केलं, असं खाफीखान लिहितो. तो मोगलांकडचा इतिहासकार! आपल्या शाहिराने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, वाढवून सांगतोय.

संभाजीराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमकेला धाडलं, गणेशगावाजवळ मोगलांशी त्यांची झुंज झाली. शहाबुद्दीन हात हलवत परतला, त्याच्या जागी खानजहान बहादूर आला. त्याने एका बाजूने हल्ल्याचा गाजावाजा करून दुसरीकडून गुपचूप माणसं चढवली, तर तिथेही मावळे टपूनच होते. शेवटी मोगलांच्या छावणीतला एकजण म्हणाला, भुतं मला वश आहेत, शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या. तो नाग हातात धरून तो पुढे, फौज मागे. अर्ध्या वाटेवर गोफणीचा धोंडा छातीत बसला आणि नाग उडून पडला. पोराला हे कड्यापाशी बसून सांगितलं. त्याने लगेच मुठीत मावेल असा एक दगड उचलला, बराच वेळ तोलून पाहिला.

खानजहान गेला, कासिमखान आला, त्यालाही जमलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. त्या टाक्यांतलं पाणी, कोठारातलं धान्य आणि पावसाळ्यामागून पावसाळे खालच्या धुक्यात पेटलेल्या मोगली शेकोट्या, याचाच विचार करत मी परत उतरलो.

पुढे गड गेला, तो लढून नाही. पैसे चारून, बोलणी करून मोगलांनी घेतला. पोराने विचारलं, "मग हरलोच ना बाबा?" मी म्हटलं, लढाईत नाही. पण विकला गेला हेही त्याच्यापासून लपवलं नाही. ते गिळायला मला आजही जड जातं. म्हणून त्या आधीच्या वर्षांचा अभिमान कणभर कमी होत नाही, उलट पैशापुढे न वाकता ज्यांनी ती काढली, त्यांच्यापुढे मान आणखी खाली जाते. त्या सहाशेंपैकी किती जणांची नावं तुला-मला सांगता येतील? राजगड-रायगडाच्या गोष्टी आपण तोंडपाठ केल्या आणि घरापासून हाकेच्या अंतरावरची ही माणसं राहून गेली, याची लाज वाटली.

दिवाळीत येशील तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव. सहाला निघू, ऊन तापायच्या आत वर पोचू. तो दगड पोराने घरी आणू दिला नाही मला, जिथून उचलला तिथेच परत ठेवून आलाय. तुला दाखवणार म्हणतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
अनिल